यादी कोण लिहितो, यादी कोण तपासतो? सरकारी पैसा, आपली माहिती आणि जालन्याचा धडा



आजच्या व्याख्यानाचा विषय कागदावर जरा रूक्ष दिसतो. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि त्यांच्या शेजारचं तहसील कार्यालय, या सगळ्यांकडे आपली भरपूर वैयक्तिक माहिती असते. ती एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते. सरकारी पैसा चुकीच्या माणसाच्या खात्यात जाऊ नये, हे त्यामागचं एक मोठं कारण सांगितलं जातं. हे कारण किती खरं आहे, त्यातून लूट खरोखर थांबते का, आणि त्यासाठी आपण काय किंमत मोजतो, हे आज पाहायचं आहे.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घेऊ. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतलं अतिवृष्टी अनुदानाचं प्रकरण आपण सगळ्यांनी वाचलं, ऐकलं आहे. त्यावर पारावर, चहाच्या टपरीवर चर्चाही खूप झाली. पण "चोर किती आणि कोण" यापलीकडे ती फारशी गेली नाही. मला त्यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: माहिती तर सगळी सरकारकडेच होती, मग ती वेळेवर एकमेकांशी जुळवून का पाहिली गेली नाही? तिथे पोचण्याआधी थोडी पायाभरणी करू.

दप्तरं किती आणि कोणाकडे

आपल्या गावापासून सुरुवात करा. ग्रामपंचायतीकडे नमुना ८ असतो, म्हणजे घर कोणाचं, किती मोठं, त्यावर कर किती. याची तलाठ्याच्या ८-अ शी गल्लत करू नका. ८-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे त्याचा उतारा. जन्म-मृत्यूची नोंदही ग्रामपंचायतीकडेच. अंगणवाडीत कुटुंबातल्या बायका-मुलांची माहिती. जिल्हा परिषदेकडे शिक्षकांची आणि कर्मचाऱ्यांची पगारपत्रकं. शहरात गेलात तर मालमत्ता कर आणि नळजोडणी नगरपालिकेकडे. आपल्या जालन्यात २०२३ पासून ती महानगरपालिका आहे. तहसीलला सातबारा, रेशन कार्ड, संजय गांधी निराधार योजनेची यादी. परिवहन खात्याकडे गाडी. आयकर खात्याकडे उत्पन्न.

एकेक दप्तर सुटं असतं तेव्हा त्यात माणसाचा एक तुकडा असतो. घरपट्टी भरणाऱ्या माणसाबद्दल ग्रामपंचायतीला घर कळतं, त्याचा आजार कळत नाही. पण सगळी दप्तरं आधार क्रमांकाच्या एका दोऱ्यात ओवली, की माणसाचं अख्खं आयुष्य समोर उभं राहतं. या जोडणीची ताकद तिथेच आहे आणि भीतीही तिथेच.

आता ही जोडणी उपयोगाची कशी, त्याचं सगळ्यात साधं उदाहरण घ्या. निराधार योजनेतली एक आजी वारली. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांत व्हायला हवी. पण निराधारची यादी तहसीलकडे असते. ही दोन कार्यालयं एकमेकांशी बोललीच नाहीत, तर पैसे खात्यात पडत राहतात, आणि एटीएम कार्ड कोणाच्या तरी खिशात असतंच. इथे मृत्यूची नोंदवही आणि लाभार्थ्यांची यादी शेजारी ठेवली की काम होतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा २०२३ मध्ये बदलला तो याच दिशेने. या नोंदींचा राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर माहितीसाठा करायचा, आणि मंजुरी घेऊन तो मतदारयादी, रेशन कार्ड अशा कामांसाठी वापरू द्यायचा, अशी तरतूद त्यात आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे.

लाडक्या बहिणींची चाळणी

याहून मोठी जुळणी आपण नुकतीच पाहिली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नको (ट्रॅक्टर चालतो), सरकारी नोकर नको, आयकर भरणारा नको. महिन्याला १५०० रुपये. निवडणुकीच्या आधीचे दिवस होते, अर्ज घाईत भरले गेले आणि घाईतच मंजूर झाले. चाळणी नंतर लागली.

चाळणी लागली म्हणजे काय झालं? परिवहन खात्याकडून चारचाकी गाड्यांची माहिती मागवली. आयकर खात्याकडे विचारणा झाली. नमो शेतकरी योजनेची यादी समोर ठेवली, कारण केंद्राच्या शेतकरी सन्मान निधीसह तिथून महिन्याला सरासरी हजार रुपये मिळणाऱ्या बाईला इथे फक्त फरकाचे ५०० द्यायचे असं ठरलं होतं. सरकारी पगारपत्रकं जुळवली, तेव्हा कर्मचाऱ्यांची नावं सापडली. त्यात जिल्हा परिषदांचेच हजाराहून अधिक कर्मचारी निघाले आणि ती यादी कारवाईसाठी जिल्हा परिषदांकडे गेली. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केलं की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं दिसतं, आणि त्यात काही पुरुषसुद्धा आहेत. त्यांचा लाभ जून २०२५ पासून तात्पुरता थांबवला.

यातला "तात्पुरता" हा शब्द लक्षात ठेवा. त्याच घोषणेत असंही होतं की जिल्हाधिकारी या नावांची शहानिशा करतील आणि ज्या पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल. म्हणजे संगणकाने जे सांगितलं ती शंका होती. निकाल अजून लागायचा होता.

पुढे ई-केवायसी आली. तिथेही प्रश्नाचा अर्थ न कळल्यामुळे किंवा घाईत चुकीचा पर्याय निवडला गेल्यामुळे पात्र बायकांचे पैसे अडले. शेवटी अंगणवाडी सेविकांनी प्रत्यक्ष पडताळणी करावी, अशा सूचना द्याव्या लागल्या. संगणकाची चूक निस्तरायला शेवटी गावातली माहीतगार बाईच लागली. हे काम तिच्या मानधनात कुठे धरलंय, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

जुळलं म्हणजे सिद्ध झालं का?

जुळणी चुकते कुठे, ते समजून घेऊ.

पहिलं, नावं. आपल्याकडे 'विठ्ठल' हे नाव इंग्रजीत लिहिताना एक टी की दोन, हे अर्ज भरणाऱ्याच्या मर्जीवर. किसन आणि किशन, बाई लावलेलं आणि न लावलेलं. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं. आधारवर सासरचं, बँकेत माहेरचं. एकाच गावात एकाच नावाचे तीन माणसं सर्रास असतात.

दुसरं, 'कुटुंब'. समजा सासऱ्यांच्या नावावर जुनी जीप आहे. मुलगा-सून दहा वर्षांपासून वेगळे राहतात, चूल वेगळी, पण रेशन कार्ड फोडलेलं नाही. कागदावर सुनेच्या घरात चारचाकी. तिच्या दारात सायकलसुद्धा नसेल.

तिसरं, शिळी माहिती. गाडी विकली, नाव बदललं नाही. जमीन वाटून घेतली, फेरफार झाला नाही. दप्तर काल थांबलेलं, आयुष्य पुढे गेलेलं.

आपल्या शेजारी तेलंगणात याचा मोठा धडा मिळाला. तिथे 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा अनेक खात्यांची माहिती जोडून रेशनसाठी कोण अपात्र, हे ठरवायला मदत करत होती. गाडी नसलेल्या कुटुंबांच्या नावे गाडी दाखवून रेशन नाकारल्याची प्रकरणं पत्रकारांनी पुढे आणली. त्याआधी, रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशन कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये द्यावा लागला होता. आधी कार्ड रद्द, मग तपास, असा उलटा क्रम झाला की काय होतं, ते यातून दिसतं.

युरोपातही हे घडलंय. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात हजारो पालकांना फसवणूक करणारे ठरवून वसुली लावली. अनेकांची घरं, संसार मोडले. बहुतेकांचा दोष फार तर कागदपत्रातली किरकोळ चूक, एवढाच होता. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला त्यावरून राजीनामा द्यावा लागला.

याउलट ब्रिटनची पद्धत पाहण्यासारखी आहे. तिथे १९९६ पासून एक राष्ट्रीय उपक्रम चालतो. स्थानिक परिषदा ठराविक काळाने पगार, निवृत्तिवेतन, घरभाडे सवलत अशा याद्या एका ठिकाणी देतात. त्या मृत्यूच्या नोंदींशी आणि एकमेकींशी जुळवल्या जातात. त्याला कायद्याचा आधार आहे, लिखित आचारसंहिता आहे. आणि जुळलेलं नाव परत त्याच परिषदेकडे तपासाला जातं. नुसत्या जुळणीवरून कोणाला दोषी धरायचं नाही, आधी चौकशी करायची, हे तिथे नियमातच आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, धूर दिसला म्हणून लगेच घरावर पाणी ओतायचं नाही. आधी चूल पेटलीय का ते बघायचं.

आता जालन्याकडे येऊ

फसवणूक तीन ठिकाणी होते. एक, अर्ज करणारा खोटं सांगतो. दोन, मधला दलाल किंवा केंद्रचालक दुसऱ्याच्या नावाने अर्ज भरतो. तीन, यादी तयार करणाराच यादीत नावं घुसवतो. माहितीची जुळणी पहिल्याला चांगली पकडते, दुसऱ्याला बऱ्यापैकी. तिसऱ्याला मात्र ती आपोआप पकडत नाही, कारण जुळणीला दिली जाणारी यादी त्याच्याच हातातून येते.

अतिवृष्टीच्या अनुदानाची पद्धत बघा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. पिकाचं ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तर मदत. पंचनामा तिघांनी करायचा: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. आता त्यांची पदनामं बदललीत. तलाठी झाले ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक झाले ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायक झाले सहायक कृषी अधिकारी. तिघं तीन वेगळ्या खात्यांचे, ही त्यातली सुज्ञ गोष्ट. एकाने चूक केली तर दुसरा पाहील, असा हेतू. पंचनाम्यावरून यादी होते, ती तहसीलदारांच्या लॉगिनमधून संगणकावर चढते, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, तो केंद्रावर जाऊन अंगठा देतो, आणि आधार जोडलेल्या खात्यात पैसे येतात.

पैसा किती? २०२२ च्या पावसाळ्यातल्या नुकसानीसाठी राज्याने दर वाढवले होते. जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये, बागायतीला २७,०००, बहुवार्षिक पिकाला ३६,००० आणि मर्यादा तीन हेक्टर. आता मोसंबीच्या जिल्ह्यात हा हिशेब काय होतो पाहा. तीन हेक्टर कपाशी लिहिली तर ४०,८००. तेच तीन हेक्टर मोसंबी लिहिली तर १,०८,०००. लेखणीच्या एका शब्दाचा फरक ६७,२०० रुपये. आणि शेतच नसलेल्या माणसाचं नाव लिहिलं, तर सगळीच रक्कम वरकमाई.

अंबड आणि घनसावंगीत २०२२ ते २०२४ या काळातल्या अनुदानाबद्दल असाच आरोप आहे: अपात्र नावं यादीत घातली, क्षेत्र वाढवून दाखवलं, एकाच्या नावे दोनदा रक्कम काढली, आणि हे करताना वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरले. जिल्हाधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर २०२५ मध्ये तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात २८ जणांवर गुन्हा नोंदवला गेला. त्यातली रक्कम सुमारे २५ कोटींची. हे आरोप आहेत, ते न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत, म्हणून कोणाचं नाव घेण्याचं आपल्याला कारण नाही.

आपल्याला पद्धत पाहायची आहे. ही लूट पकडायला कुठली माहिती लागली असती? सातबारा: या माणसाच्या नावावर या गावात जमीन आहे का? ८-अ: खात्यावर दोन हेक्टर असताना यादीत तीन कसे? ई-पीक पाहणी, जी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू आहे: त्या गटात त्या हंगामात मोसंबी होती की सोयाबीन? बँक खातं: एकच खातं दोन नावांपुढे का? यातलं एकही दप्तर परक्या खात्याकडून मागवायचं नव्हतं. सातबारा, ८-अ, ई-पीक पाहणी, तिन्ही महसूल खात्याचेच. आयकर खात्याला पत्र लिहायचं नव्हतं, आधारचा साठा धुंडाळायचा नव्हता. म्हणजे माहितीची कमतरता नव्हतीच. यादी लिहिणारा आणि यादी तपासणारा एकच होऊन बसला होता. दुसऱ्याचा पासवर्ड आपल्याकडे असणं म्हणजे तपासणाऱ्याची सही आपणच करणं.

याचा फटका कोणाला? सरकारी तिजोरीला, हे झालंच. पण खरा फटका खऱ्या शेतकऱ्याला. ज्याची कपाशी खरंच पाण्यात गेली, त्याची पुढची मदत चौकशी होईपर्यंत रखडते. त्याला पुन्हा कागद, पुन्हा अंगठा, पुन्हा तालुक्याची खेप. चोरी एकाने करायची आणि संशय सगळ्या गावावर.

पटपडताळणी आठवते का?

नांदेडची एक गोष्ट इथे उपयोगी आहे. २०११ मध्ये तिथले जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांमधल्या विद्यार्थ्यांची एकाच वेळी पटपडताळणी केली. पटावर मुलं होती, वर्गात नव्हती. अनुदान मात्र पटाप्रमाणे जात होतं. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर तशी पडताळणी झाली. मूल एका शाळेत मोजून झालं की दुसऱ्या शाळेत नेऊन पुन्हा मोजू नये म्हणून बोटाला शाई लावली. मतदानासारखी! लाखो विद्यार्थी फक्त कागदावरच असल्याचं निघालं.

यात काय होतं? मोजणारी माणसं त्या शाळेची नव्हती. मोजणी सगळीकडे एकाच वेळी होती. आणि मुलाच्या आधार क्रमांकाची, बोटांच्या ठशांची, आईवडिलांच्या उत्पन्नाची काहीही गरज पडली नाही. फसवणूक पकडायला दरवेळी जास्त माहिती लागते, हा समज इथे गळून पडतो. लागतो तो तपासणारा वेगळा माणूस.

कायदा काय म्हणतो

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, हेतू योग्य हवा, आणि हात तेवढाच घालावा जेवढी गरज. मर्यादित सरकारी पैसा अपात्र माणसांकडे वळू नये, हा हेतू योग्य असू शकतो, हेही त्याच निकालात मान्य केलं आहे. पुढे सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालाने सरकारी लाभांसाठी आधार वापरायला मान्यता दिली, पण खासगी कंपन्यांनी करारावर आधार मागण्याची वाट बंद केली.

त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. अनुदान, दाखला, परवाना देण्यासाठी सरकार आपली माहिती ठरावीक अटींवर नव्याने संमती न मागता वापरू शकतं. पण नियमांच्या परिशिष्टात अटी आहेत: जेवढी लागेल तेवढीच माहिती, ठरलेल्या कामापुरती, अचूक राहील याची काळजी, गरजेपुरतीच साठवण, सुरक्षितता, आणि प्रश्न विचारायला कोणाशी संपर्क साधायचा ते सांगणं. गुन्हा रोखण्याच्या आणि तपासाच्या कामाला मात्र कायद्यातल्या अनेक बंधनांतून सूट आहे. ती सूट कुठे सुरू होते, कुठे संपते, यावर पुढची बरीच भांडणं होणार.

याच कायद्याने माहितीच्या अधिकारातलं एक कलमही बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असं दाखवावं लागे. शिवाय मोठं जनहित असेल तर ती द्यावी लागे. आता "वैयक्तिक माहिती" एवढं म्हणून ती नाकारता येते. यात धोका असा की उद्या गावकऱ्याने अनुदानाची यादी मागितली आणि उत्तर आलं, "ही वैयक्तिक माहिती आहे". म्हणजे शेतकऱ्याचा खासगीपणा ढाल म्हणून यादी लिहिणाऱ्याच्या हातात! पण दोन गोष्टी अजून शाबूत आहेत. अनुदान योजनांची अंमलबजावणी आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करण्याचं कलम ४ चं बंधन, आणि जनहित मोठं असेल तर माहिती देण्याची कलम ८ मधली दुसरी तरतूद. अर्ज करताना ही दोन्ही कलमं स्पष्ट लिहा.

फळ्यावर काय लावायचं, काय नाही

मग खासगीपणाही राहावा आणि चोरीही दिसावी, हे जमायचं कसं? माझ्या मते दोन प्रकारच्या माहितीत फरक केला की जमतं.

गावाने पाहावं असं: लाभार्थ्याचं नाव, गट क्रमांक, पीक, क्षेत्र, रक्कम. गावाला हे दिसलं पाहिजे, कारण कोणाच्या वावरात मोसंबी आहे आणि कोणाच्या नाही, हे गावाइतकं कुठल्याच संगणकाला ठाऊक नसतं. ग्रामसभेत ही यादी मोठ्याने वाचली, तर खोटं नाव पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं जाईल. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहेच.

गावाने पाहू नये असं: आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल, आजार, जात प्रमाणपत्राची प्रत. आधार क्रमांक जाहीर करायला तर कायद्यानेच मनाई आहे. २०१७ मध्ये झारखंडच्या एका सरकारी संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. आपल्याकडे तर अख्खी यादी, खाते क्रमांकासकट, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली जाऊ शकते. टाकणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण तीच यादी उद्या फोनवरून ओटीपी मागणाऱ्याच्या हातात पडते.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपली माहिती सरकार पाहतं, तर ती कोणी, कधी, कोणत्या लॉगिनमधून पाहिली किंवा बदलली, याची नोंदही राहायला हवी, आणि ती नोंद तालुक्याबाहेरच्या माणसाने तपासायला हवी. पटपडताळणीचा धडा इथे लावा: घनसावंगीची यादी मंठ्याच्या पथकाने तपासावी, मंठ्याची भोकरदनच्या. दहा टक्के नावं कशीही उचलावीत आणि वावरात जाऊन बघावीत. शेतकरी ओळख क्रमांक आता कृषी योजनांना लागतो, त्यामुळे जमिनीची जुळणी सोपी होईल. पण पासवर्ड वाटून घेतले गेले, तर नवा क्रमांकही जुन्याच वाटेने जाईल.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न: माझं नाव चुकून अपात्र ठरलं तर काय करायचं?

आधी कारण लेखी मागा. "सिस्टीममध्ये दिसत नाही" हे कारण नाही. कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीमुळे नाव वगळलं, ते लिहून मागा. गाडी दाखवत असतील तर वाहन क्रमांक विचारा. जिथे नोंद चुकली तिथेच ती दुरुस्त होते. तहसीलमध्ये कितीही खेपा घातल्या तरी परिवहन खात्याची नोंद तहसीलदार बदलू शकत नाही. अर्जाची पोच घ्या, तारखेसह.

प्रश्न: मग तीच यादी बघणारे शेजारी वैरातून खोट्या तक्रारी करतील त्याचं काय?

करतील. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही. म्हणून तक्रार आली की लगेच पैसे थांबवायचे नाहीत. आधी पडताळणी, संबंधिताला बाजू मांडायची संधी, मग निर्णय. संगणकाच्या शंकेला जो नियम, तोच शेजाऱ्याच्या शंकेला.

प्रश्न: सामान्य माणसाने आज, या आठवड्यात काय करावं?

तीन कामं. आपला ८-अ काढून क्षेत्र बरोबर आहे का पाहा. ई-पीक पाहणीत आपलं पीक बरोबर नोंदलं गेलंय का ते तपासा. आणि पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: "मागच्या अनुदानाची आपल्या गावाची यादी वाचून दाखवाल का?" नाही म्हणाले तर नकार इतिवृत्तात लिहायला लावा. हा प्रश्न एका माणसाने विचारला तर भांडण वाटतं. दहा जणांनी विचारला तर पुढच्या वेळी यादी लिहिणाऱ्याचा हात जरा जपून चालतो.